माल्ट, सत्त्व आणि सातू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माल्ट म्हणजे नक्की काय?

धान्याला मोड आणायचे, मोड हवे तेवढे वाढले की वाळवून त्यांची वाढ थांबवायची आणि मग कमी-जास्त भाजायचं. एवढं झालेलं कुठलंही धान्य म्हणजे माल्ट. ते जवाचं असेल, नाचणीचं, गव्हाचं किंवा ज्वारीचं. बिअर आणि बिस्किटांच्या धंद्यात नुसतं 'माल्ट' म्हटलं की जवाचं, म्हणजे बार्लीचं, समजतात. पुण्यात 'माल्ट द्या' म्हणालात तर किराणावाला नाचणीचं पाकीट पुढे करील आणि मेडिकलवाला दुधात घालायच्या पावडरीचा डबा. दोघांचंही बरोबर आहे, म्हणून तर घोटाळा होतो.

दाणा भिजला की आतला अंकुर जागा होतो. त्याचं अन्न शेजारीच पिठाच्या, म्हणजे स्टार्चच्या रूपात साठवलेलं असतं, पण अंकुराला ते तसंच घेता येत नाही. म्हणून दाणा विकरं (एन्झाइम्स) कामाला लावतो. त्यातलं अमायलेज स्टार्चच्या लांब साखळ्या तोडून माल्टोज नावाची साखर तयार करतं. अंकुराने ती सगळी खाऊन टाकण्याआधी आपण दाणा वाळवतो, त्यामुळे थोडी साखर आणि भरपूर विकरं दाण्यात तशीच राहतात. माल्टचा खमंग वास मात्र मोडांचा नसतो, तो पुढच्या भाजण्यातून येतो.

पुढच्या बऱ्याच उत्तरांत 'कच्चं माल्ट' आणि 'भाजकं माल्ट' असे शब्द येतील. कच्चं म्हणजे मंद उष्णतेवर वाळवलेलं, विकरं जिवंत असलेलं. भाजकं म्हणजे उष्णतेने विकरं मेलेलं, फक्त चव, रंग आणि गोडवा उरलेलं. पेज, पाव, पावडर, मिठाई यांतल्या निम्म्या तक्रारी हा फरक न पाहिल्यामुळे होतात.

नाचणीचं सत्त्व आणि नाचणीचं माल्ट एकच का?

बाजारात दोन्ही नावं एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात, पण कृती वेगळ्या आहेत.

सत्त्वाची जुनी रीत अशी: भिजवलेली किंवा मोड आलेली नाचणी पाण्याबरोबर वाटायची, वस्त्रातून गाळायची, गाळलेलं दुधासारखं पाणी सहा-आठ तास स्थिर ठेवायचं, वरचं पाणी ओतून द्यायचं आणि खालचा साका वाळवायचा. माल्टमध्ये काहीच गाळून टाकत नाहीत. मोड आलेली नाचणी वाळवून, भाजून अख्खी दळतात.

सत्त्व पांढुरकं, मऊ आणि पचायला हलकं असतं, पण ते मुख्यतः स्टार्च असतं. नाचणी खायची ती कॅल्शियमसाठी, असं घरोघरी सांगतात, आणि ते खरंही आहे. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. त्यातला मोठा वाटा दाण्याच्या तांबड्या सालीत असतो आणि सत्त्व काढताना तो चोथ्याबरोबर जातो. तेव्हा आजारी माणसाला किंवा अगदी लहान बाळाला हलकं काही हवं असेल तर सत्त्व ठीक. कॅल्शियम हवं असेल तर माल्ट घ्या, नाहीतर सरळ भाकरी खा.

पाकीट घेताना रंग बघा. तांबूस-तपकिरी असेल तर अख्खं दळलेलं, फिकट राखाडी-पांढरं असेल तर गाळलेलं.

सातूचं पीठ, थालीपिठाची भाजणी, कुरडईचा चीक ही माल्टच ना?

नाही. सातू आणि भाजणीत धान्य भाजतात, पण मोड आणत नाहीत. सातू हे मुळात जवाचंच नाव. आता बऱ्याच घरी सातूच्या पिठात गहू आणि डाळंच असतं, तो भाग वेगळा. कुरडईचे गहू तीन दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात, पण ते आंबवणं आहे. तिथे गव्हाला मोड आले तर उलट चीक पातळ होतो आणि कुरडया तुटतात. त्यामागेही हेच अमायलेज असतं.

नाचणीचं माल्ट घरी कसं करायचं?

१ किलो नाचणीचं प्रमाण धरू. घाट-मावळातली नवी नाचणी दिवाळीनंतर बाजारात येते. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भुसार विभागात मिळते, पेठांतल्या धान्याच्या दुकानांतही मिळते. सोललेली किंवा पॉलिश केलेली घेऊ नका, तिला मोड येत नाहीत.

आधी उगवण तपासा. १०० दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळा आणि ४८ तासांनी उघडा. ८५ पेक्षा कमी दाण्यांना मोड आले असतील तर ती नाचणी भाकरीला वापरा, माल्टसाठी दुसरी आणा. न उगवलेले दाणे ओलाव्यात नुसते पडून राहतात आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

नाचणी तीन-चार पाण्यांनी धुवा. तरंगणारे दाणे काढून टाका, तळाशी बसणारी वाळू रोळून वेगळी करा. मग ३ लिटर पाण्यात भिजत घाला, उन्हाळ्यात ८ ते १० तास आणि डिसेंबर-जानेवारीत १४ ते १६ तास. मध्ये एकदा पाणी बदला. पाण्यातच जास्त वेळ ठेवलं तर लवकर मोड येतील हा समज चुकीचा आहे. दाण्याला श्वास घ्यायला हवा लागते, पाण्याखाली तो गुदमरून आंबतो.

चाळणीत तासभर निथळू द्या, मग ओल्या सुती पंच्यात सैल बांधा. गच्च पुरचुंडी नको. मोड येताना धान्य स्वतः गरम होतं आणि मधला भाग तापून आंबूस होतो. त्यापेक्षा रोवळीत किंवा भोकांच्या ताटलीत दोन बोटं जाडीचा थर पसरून वर ओलं फडकं घातलेलं बरं. दर सहा-आठ तासांनी पाणी शिंपडा आणि हाताने वर-खाली करा. मे महिन्यात २४ तासांत काम होतं, थंडीत ४८ किंवा थोडे जास्त लागतात. मोड अर्धा सेंटिमीटर झाले की थांबवा. हिरवी पाती दिसू लागली तर साखर अंकुराने खाल्लीच म्हणून समजा. पीठ गवतासारखं लागतं.

आता वाळवण. स्वच्छ कापडावर पातळ पसरा, वरून मलमल घाला. गच्चीवर कडक उन्हात एक ते दोन दिवस लागतात. दाताखाली दाणा कट्कन तुटला पाहिजे, चपटा होता कामा नये. रात्री आत घ्या, नाहीतर दव पडून दिवसभराचं ऊन फुकट जातं. वाळल्यावर दोन्ही हातांनी चोळा आणि सुपात पाखडा. मोड व मुळांचा भुसा उडून गेला पाहिजे, कारण पिठाला येणारा कडवटपणा त्याचाच असतो.

मग जाड बुडाच्या कढईत, एका वेळी पाव किलो, मंद आचेवर ८ ते १० मिनिटं भाजा. खमंग वास सुटला की उतरवा. तडतडायला लागली म्हणजे जास्त झालं. पूर्ण गार करून दळा. गिरणीत देणार असाल तर आधी तांदूळ किंवा नाचणीचंच दळण झालेलं असेल तेव्हा द्या, नाहीतर आधीच्या गव्हाचं पीठ मूठभर तरी मिसळतं. घरी मिक्सरवर करायचं तर थोडं थोडं घ्या आणि भांडं गरम झालं की थांबा. मैद्याच्या चाळणीने चाळलं की १ किलोमागे साधारण ७५० ते ८५० ग्रॅम पीठ हातात येतं. उरलेलं वजन श्वासात, मोडांत आणि चाळणीवरच्या भरडीत जातं.

मोडांना आंबूस वास येतोय किंवा पांढरं जाळं दिसतंय. चालेल का?

दाण्याच्या टोकाशी, मुळाभोवती एकसारखे बारीक पांढरे तंतू असतील आणि पाणी शिंपडल्यावर ते चिकटून दिसेनासे होत असतील तर ती मुळांची लव आहे. काळजी नको. दाण्यांना दाण्यांशी बांधणारं कोळिष्टक, राखाडी-हिरवे-काळे ठिपके किंवा कुबट वास असेल तर बुरशी आहे. मग सगळंच टाकून द्या. बुरशीचं विष भाजून जात नाही, त्यामुळे 'वरचं काढलं आणि उरलेलं भाजून घेतलं' हा उपाय नव्हे.

पुण्यात जून ते सप्टेंबर हे काम न केलेलं उत्तम. मोड येतात छान, पण वाळत नाहीत. करायचंच असेल तर ओव्हनमध्ये ५० अंशांवर दार किंचित उघडं ठेवून ८ ते १० तास वाळवा.

विकतचं सत्त्व शिजवलं तर घट्टच होत नाही. भेसळ आहे का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. बहुतेक वेळा भेसळ नसते, उलट माल्ट चांगलं आणि कच्चं असतं. पीठ गार पाण्यात कालवून मंद आचेवर ठेवलं की मिश्रण हळूहळू ६० ते ७० अंशांतून जातं. अमायलेज नेमकं याच टप्प्यात सगळ्यात जोरात काम करतं. स्टार्च फुलून घट्ट होण्याच्या बेताला येतो आणि लगेच तुटतो. पेज पातळ राहते, पण गोडसर लागते.

घट्ट हवी असेल तर उलट करा. पाणी किंवा दूध खळखळ उकळू द्या आणि पिठाची पेस्ट त्यात धारेने सोडून ढवळा. विकरं क्षणात मरतात आणि पेज दाट होते. एका कपाला, म्हणजे २०० मिलीला, दोन शिगोशीग चहाचे चमचे, साधारण १२ ते १५ ग्रॅम पीठ पुरतं. चार-पाच मिनिटं शिजवायचं.

हाच गुण मुद्दाम वापरताही येतो. तांदळाची किंवा गव्हाची दाट पेज शिजवून गॅस बंद करा, चार-पाच मिनिटं थांबा आणि एका वाटीला अर्धा चहाचा चमचा कच्च्या माल्टचं पीठ घालून ढवळा. पाच मिनिटांत चमच्यावरून ओघळेल इतकी पातळ होते. मग पुन्हा एक उकळी काढा. पाणी न वाढवता पेज पातळ झाल्यामुळे कमी घासांत जास्त अन्न पोटात जातं. भूक मंदावलेल्या आजी-आजोबांना आणि लहान मुलांना याचा फार उपयोग होतो. तुमचं माल्ट कच्चं की भाजकं, हे ओळखायची सोपी चाचणीही हीच.

माल्ट घातलं की दूध फुटतं. का?

दोन कारणं असतात. मोड येताना धान्य आंबलं असेल तर पीठच आंबट असतं. चिमूटभर जिभेवर ठेवून बघा. दुसरं कारण गूळ. गुळात थोडी आम्लता असते आणि उकळत्या दुधात तो दुधाला फाडतो. माल्ट पाण्यात शिजवा, मग दूध घाला, गॅस बंद करा, दोन मिनिटांनी गूळ घाला.

ज्वारी, बाजरी, गव्हाचं माल्ट करता येतं का?

गहू सगळ्यात सोपा. १० तास भिजवणं, ३६ ते ४८ तास मोड.

ज्वारीचं करता येतं, पण एका गोष्टीत हयगय नको. ज्वारीच्या कोंबांत आणि मुळांत धुरिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि त्यातून सायनाइड सुटतं. गुरांना कोवळी ज्वारी का चारत नाहीत, हे शेतकऱ्याला विचारा. कारण हेच आहे. म्हणून लांब मोडांच्या ज्वारीची उसळ करू नये, आणि माल्ट करताना कडक वाळवून कोंब-मुळं पूर्णपणे चोळून, पाखडून काढावीत. हुरड्याचा याच्याशी संबंध नाही, तो कणसातला कोवळा दाणा असतो.

बाजरीत तेल जास्त, सुमारे ५ टक्के. माल्ट चांगलं होतं, पण पीठ आठ-दहा दिवसांत कडवट पडायला लागतं. लागेल तेवढंच दळा.

मोड आणल्याने प्रोटीन दुप्पट होतं म्हणतात.

होत नाही. धान्यात होतं तेवढंच राहतं, आणि ओल्या मोडांच्या १०० ग्रॅममध्ये तर पाण्यामुळे कमीच भरतं. फायदा वेगळा आहे. फायटेट आणि टॅनिन कमी होतात, त्यामुळे लोह, जस्त, कॅल्शियम अंगी लागायला मदत होते, आणि स्टार्च आधीच थोडा तुटलेला असल्याने पचन सोपं होतं. क जीवनसत्त्व मोडांत वाढतं खरं, पण वाळवण्या-भाजण्यात बरंचसं जातं.

बाळाला कधीपासून द्यावं?

सहा महिने पूर्ण झाल्यावर, डॉक्टरांशी बोलून. सुरुवातीला एक-दोन चहाचे चमचे पातळ, नीट उकळलेली पेज. वर्षाचं होईपर्यंत साखर, गूळ, मीठ नको. मध तर मुळीच नको. पिठात बदाम-काजू-वेलची घालून 'पौष्टिक' मिश्रण पहिल्या दिवसापासून देण्याची घाई करू नका. नाचणी सोसते की नाही हे आधी कळू द्या, सुकामेवा मग एकेक करून. जवाचं किंवा गव्हाचं माल्ट असेल तर त्यात ग्लूटेन (काही जणांना न सोसणारं प्रथिन) आहे, हेही लक्षात ठेवा.

जवाचं माल्ट घरी होईल का? किराणातल्या बार्लीला मोडच येत नाहीत.

येणारच नाहीत. सूपसाठी मिळणारी पांढरी गोल बार्ली घासून सोललेली असते, त्यात बहुतेक दाण्यांचा अंकुर उरलेला नसतो. सालीसकट अख्खे जव लागतात. पेरणीचं बियाणं मात्र चुकूनही आणू नका, त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं आणि धुऊन ते जात नाही. दाण्यांवर गुलाबी, लाल किंवा निळा रंग दिसला तर ते खाण्याचं नाही. पूजेच्या दुकानातले हवनाचे जवही टाळा. उगवतात, पण खाण्याच्या हिशेबाने साठवलेले नसतात.

नाचणीपेक्षा जव हळू चालतात आणि त्यांना गारवा लागतो. १५ ते २० अंश उत्तम, म्हणून पुण्यात डिसेंबर-जानेवारी हाच हंगाम. ८ तास भिजवा, ८ तास निथळून हवेवर ठेवा, परत ८ तास भिजवा. टोकाला पांढरा ठिपका दिसला की पसरून ठेवा आणि चार-पाच दिवस रोज दोनदा खाली-वर करा. कधी थांबवायचं ते बाहेरच्या मुळांवरून ठरवू नका. दाणा उभा चिरून सालीखालचा कोंब बघा. तो दाण्याच्या पाऊण लांबीचा झाला की पुरे. ओव्हनमध्ये ५० अंशांवर १२ ते २४ तास, कोरडे झाल्यावरच ८० अंशांवर ३ ते ४ तास. ओला दाणा एकदम ८० वर नेला तर विकरं मरतात आणि दाणा काचेसारखा कडक होतो. घटस्थापनेला घटाभोवती धान्य पेरतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी जी अवस्था दिसते तिच्याही थोडं अलीकडे इथे थांबायचं असतं.

आणि माल्ट एक्स्ट्रॅक्ट?

ते माल्टमधली साखर पाण्यात उतरवून आटवलेला काळसर पाक. १ किलो कच्चं जवाचं माल्ट जाडसर भरडा (पीठ नको, गाळताना चिखल होतो). ३ लिटर पाणी साधारण ७२ अंशांवर न्या, भरड घाला म्हणजे मिश्रण ६५ च्या आसपास येतं. थर्मामीटर हवाच, अंदाजाने केलेलं हमखास फसतं. झाकून, गोधडीत गुंडाळून तासभर ठेवा. मग पांढऱ्या बशीत चमचाभर पाणी काढून टिंचर आयोडिनचा थेंब टाका. निळा-काळा झाला तर स्टार्च शिल्लक आहे, आणखी २० मिनिटं थांबा. तपकिरीच राहिला तर झालं. बशीतला नमुना फेकून द्या. बाकीचं गाळा, चोथ्यावर लिटरभर गरम पाणी ओतून उरलेला गोडवा धुऊन घ्या आणि मंद आचेवर मधाइतकं दाट होईपर्यंत आटवा. ६०० ते ७०० ग्रॅम पाक मिळतो. शेवटच्या अर्ध्या तासात जागचं हलू नका, तो चटकन करपतो.

दुधात घालायच्या डब्यातल्या पावडरीत नक्की काय असतं?

मूळ कल्पना अशी: माल्ट आणि गव्हाच्या पिठाचा वर सांगितला तसा अर्क काढायचा, त्यात दूध घालून निर्वात भांड्यात आटवायचं आणि कोरडी पावडर करायची. जेम्स आणि विल्यम हॉर्लिक या इंग्रज भावांनी १८७३ मध्ये शिकागोला धंदा सुरू केला आणि १८८३ मध्ये माल्टेड दुधाचं पेटंट मिळवलं. स्वित्झर्लंडमध्ये १९०४ साली ओव्होमाल्टिन आलं, तेच पुढे ओव्हल्टीन. बोर्नव्हिटा भारतात १९४८ पासून आहे.

आजच्या डब्यांत माल्ट किती, हे नावावरून ठरवू नका. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिणं बंधनकारक आहे. पहिल्या दोन नावांत माल्ट, माल्ट एक्स्ट्रॅक्ट किंवा जवाचं पीठ असेल तर ते माल्टचं पेय. पहिलं नाव साखरेचं असेल तर ती माल्ट घातलेली साखर. वाढवलेल्या साखरेची ओळ वेगळी वाचा आणि गुणाकार करा. १०० ग्रॅमला ३० ग्रॅम लिहिली असेल, तर २० ग्रॅमच्या एका कपात ६ ग्रॅम, म्हणजे सव्वा ते दीड चहाचा चमचा साखर. वर घरची एक चमचा घालणारे आहेतच.

'हेल्थ ड्रिंक' हा शब्द डब्यांसाठी आता का वापरत नाहीत?

२००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात असा प्रकारच नाही. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना बोर्नव्हिटासह अशी पेयं त्या गटातून काढायला सांगितलं.

मधुमेह असताना माल्ट चालतं का?

साखर न घातलेलं माल्टही गोडच असतं. ग्लुकोजचा ग्लायसेमिक इंडेक्स (रक्तातली साखर किती झपाट्याने वाढते याचा आकडा) १०० धरला तर माल्टोजचा १०५ च्या आसपास आहे. 'नाचणी आहे, मग शुगर वाढणार नाही' हा समज पातळ गोड पेजेला लागू पडत नाही. भाकरी आणि माल्टची पेज यांत बराच फरक आहे. माल्ट घ्यायचंच असेल तर प्रमाण आणि वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा, आणि पेज उकळत्या पाण्यात पीठ सोडून, घट्ट करा.

ग्लूटेन चालत नाही अशा माणसाने काय टाळावं?

जव आणि गव्हाचं कुठलंही माल्ट, माल्ट एक्स्ट्रॅक्ट आणि दुधात घालायच्या बहुतेक पावडरी. फसवणारा पदार्थ म्हणजे कॉर्नफ्लेक्स. मका निर्दोष, पण चवीसाठी त्यात जवाचा माल्ट अर्क घालतात. बिस्किटं, चॉकलेटमधल्या कुरकुरीत गोळ्या आणि माल्ट व्हिनेगरही तपासून घ्यावं. भारतात 'ग्लूटेन फ्री' लिहायचं तर प्रमाण किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. नाचणी, ज्वारी, बाजरीत ग्लूटेन नसतं, पण गिरणीची गोष्ट वर आलीच आहे. सिलिॲकच्या, म्हणजे ग्लूटेनने आतड्याला इजा होण्याच्या आजाराच्या, रुग्णासाठी घरीच दळा.

माल्टोडेक्स्ट्रिन, माल्टिटॉल म्हणजे माल्टच का?

नाव सारखं, वस्तू वेगळी. माल्टोडेक्स्ट्रिन बहुधा मक्याच्या किंवा टॅपिओकाच्या स्टार्चपासून कारखान्यात करतात. त्याला चव जवळजवळ नसते. माल्टिटॉल 'शुगर फ्री' मिठाईतलं गोड द्रव्य आहे. चार-पाच तुकडे एकदम खाल्ले की पोट बिघडतं, पाकिटावर बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं.

पावात माल्ट कशासाठी घालतात? किती घालावं?

कच्चं माल्ट यीस्टला साखर पुरवतं, त्यामुळे पाव नीट फुगतो आणि वरचा पापुद्रा छान तांबूस होतो. ५०० ग्रॅम मैद्याला अर्धा ते एक चहाचा चमचा बास. जास्त घातलं तर अमायलेज मैद्याचाच स्टार्च तोडत बसतं. कणीक हाताला चिकटते आणि भाजलेला पाव मध्ये गिचका राहतो. 'पाव आतून कच्चा राहिला' म्हणून भट्टीचा वेळ वाढवणारे इथेच चुकतात. नुसती चव आणि रंग हवा असेल तर भाजकं माल्ट किंवा अर्क घाला. तो दीड-दोन चमचे गेला तरी बिघडत नाही.

मिठाईत, मस्तानीत माल्ट कसं वापरायचं?

मस्तानीला चांगलं जुळतं. २०० मिली गार दुधाला २५ ग्रॅम माल्टेड दुधाची पावडर, घट्ट आइस्क्रीमचे दोन गोळे, साखर शून्य. पावडर आधी दोन चमचे कोमट दुधात घोटून घ्या. कोरडी पावडर थेट गार दुधात टाकली तर प्रत्येक गठ्ठ्याचा बाहेरचा थर ओला होऊन आतलं कोरडंच राहतं, आणि मिक्सर फिरवूनही त्या गोळ्या मोडत नाहीत.

बर्फीत किंवा पेढ्यात खव्याच्या १० टक्के, म्हणजे अर्ध्या किलोला ५० ग्रॅम. आणि साखर तेवढ्याच अंदाजाने कमी. खवा उतरवून कोमट झाल्यावर पावडर मिसळा. आचेवर घातली तर तळाला लागते आणि करपट वास सगळ्या घाण्यात पसरतो. नाचणी माल्टच्या लाडवांना मात्र पीठ तुपात परतायला हवं, मंद आचेवर १० ते १२ मिनिटं. कच्च्या माल्टचा लाडू टाळ्याला चिकटतो.

पावसाळ्यात डब्यातली पावडर दगड होते. टाकून द्यायची का?

माल्ट अर्काची पावडर हवेतलं पाणी ओढून घेते. नुसता दगड झाला असेल, वास आणि रंग ठीक असेल, कोमट दुधात विरघळत असेल तर खायला हरकत नाही. ओलसर डाग, कुबट वास किंवा किडे असतील तर टाका. डबा फ्रिजमध्ये ठेवणं हा उपाय नाही. रोज आत-बाहेर केल्याने झाकणाखाली पाणी धरतं. आठवड्यापुरती पावडर छोट्या बरणीत काढा, मोठा डबा घट्ट बंद ठेवा, आणि उकळत्या दुधाच्या वाफेवर डबा धरून चमचा घालू नका. घरचं नाचणी माल्ट कोरड्या दिवसांत दोन महिने टिकतं, पावसाळ्यात महिना धरा.

माल्ट पेयांत दारू असते का?

माल्टमध्ये दारू नसते. माल्टच्या गोड पाण्याला यीस्ट लावून आंबवलं तर बिअर होते, आणि तसं आंबवलेलं ऊर्ध्वपातन केलं तर व्हिस्की. एकाच डिस्टिलरीत फक्त जवाच्या माल्टपासून केलेली व्हिस्की म्हणजे सिंगल माल्ट. पुण्यात २००९ साली डूलली ही जागेवरच बिअर बनवून विकणारी मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि मग हा शब्द इथे रुळला. तिथल्या स्टाउट नावाच्या काळ्या बिअरचा कॉफीसारखा कडवटपणा २०० अंशांहून वर भाजलेल्या माल्टमधून येतो. आखाती देशांतून येणाऱ्या 'नॉन अल्कोहोलिक माल्ट' बाटल्यांत काय आहे ते लेबलवर टक्क्यांत लिहिलेलं असतं, ज्यांना अजिबात चालत नाही त्यांनी '०.०' पाहूनच घ्यावी.

माल्ट व्हिनेगर आणि साधं व्हिनेगर?

माल्ट व्हिनेगर आंबवून होतं, तपकिरी आणि सौम्य असतं. किराणात स्वस्त मिळणारं पांढरं व्हिनेगर बहुधा पाणी घातलेलं ॲसेटिक आम्ल असतं. बाटलीवर 'सिंथेटिक' लिहिलेलं असतं. लोणच्याला दोन्ही चालतात.

उपवासाला चालतं का?

जव, गहू, नाचणी ही धान्यं, त्यामुळे नाही.

पाखडून निघालेले मोड आणि गाळलेला चोथा काय करावा?

मुळांचा भुसा कुंड्यांना किंवा कंपोस्टला घाला, मात्र पातळ थर द्या, गठ्ठा केला की त्यालाही बुरशी येते. नाचणीचा ओला चोथा त्याच दिवशी थालीपिठात किंवा धिरड्यात संपवा. सत्त्वातून गेलेलं कॅल्शियम त्यातच आहे.